‘मले आठोत नाही’ सांगणारे ज्येष्ठ आणि आपलं काम: ग्रामीण विदर्भातल्या स्पीच थेरपिस्टसाठी मार्गदर्शक

विसरायला होतं म्हणून विदर्भातल्या खेड्यातून कुणी मुद्दाम स्पीच थेरपिस्टकडे येत नाही. माणसं येतात ती कानाच्या मशीनसाठी, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी, नाहीतर लकवा मारलेल्या नवऱ्याला घेऊन. काम आटोपतं, चपला पायात जातात आणि मग दाराशी एक वाक्य येतं, “म्याडम, आजकाल मले नावं आठोत नाहीत.” सोबतचा मुलगा लगेच म्हणतो, “वय झालं, दुसरं काय!” आणि विषय तिथेच मिटतो.

तो तिथे मिटू नये, यासाठी हा लेख. बीएएसएलपीच्या, म्हणजे वाचा-श्रवणाच्या पदवीच्या, अभ्यासात आपण ॲफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं) शिकतो, डिमेन्शियाही (स्मृतिभ्रंश) थोडाफार शिकतो. पण ज्याची चाचणी नॉर्मल येते आणि तरीही ज्याला आतून काहीतरी निसटतंय असं वाटतं, त्या माणसाचं काय करायचं हे फारसं कुणी शिकवत नाही.

आधी अवस्था समजून घ्या

आपलं डोकं पूर्वीसारखं चालत नाही असं माणसाला सतत जाणवतं, आणि तरीही वय, लिंग आणि शिक्षण लक्षात घेऊन प्रमाणित चाचण्यांचे गुण नॉर्मल येतात. या अवस्थेला सब्जेक्टिव्ह कॉग्निटिव्ह डिक्लाइन, थोडक्यात एससीडी, म्हणतात. फ्रँक येसेन आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2014 साली तिची चौकट आखून दिली. ही घट एखाद्या ऑपरेशननंतर किंवा तापानंतर अचानक आलेली नसते, आणि दुसरा आजार, औषध किंवा व्यसन हे तिचं उघड कारण नसतं. पुढची पायरी माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटची, म्हणजे एमसीआयची. तिथे चाचणीतही घट दिसते, पण रोजचे व्यवहार बहुतेक चालू राहतात. व्यवहारच बिघडू लागले की डिमेन्शियाचा विचार होतो.

एससीडी असलेल्या बहुतेकांना पुढे डिमेन्शिया होत नाही. 2014 मध्येच अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं की अशी तक्रार असलेल्या शंभर ज्येष्ठांपैकी वर्षाला साधारण 2 जण डिमेन्शियाकडे आणि 6 ते 7 जण एमसीआयकडे जातात. तक्रार नसलेल्यांपेक्षा डिमेन्शियाचा धोका साधारण दुप्पट, पण बहुसंख्य माणसं आहेत तिथेच राहतात, काही तर सुधारतात. म्हणून “काही नाही हो, वय झालं” हेही चूक आणि “डिमेन्शियाची सुरुवात दिसते” हेही चूक. देशपातळीवरच्या लासी-डॅड अभ्यासानुसार 60 वर्षांवरच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के आहे. त्यामुळे दाराशी आलेल्या त्या वाक्याला गांभीर्याने घेणं भाग आहे.

चाचणी नॉर्मल आली की आपण फाइल बंद करतो. माझं ठाम मत असं की एससीडीत आपली फाइल तिथेच उघडली पाहिजे. तक्रार बहुतेक वेळा शब्द, नावं, गप्पांचा धागा आणि ऐकलेलं लक्षात राहणं यांबद्दल असते. हे सगळं आपलंच क्षेत्र आहे. निदान करणं मात्र आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं.

पायरी पहिली: तक्रार पूर्ण ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे आशाताई 60 वर्षांवरच्या माणसांना सीबॅक या आरोग्य तपासणीच्या फॉर्ममधून विचारतात की जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का. एससीडी असलेला माणूस या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणार, कारण त्याची घट इतकी पुढे गेलेलीच नसते. तो चाळणीतून खाली पडतो आणि फक्त आपल्याशी बोलताना सापडतो.

शक्यतो आधी त्या माणसाशी एकट्याने बोला, घरच्यांशी नंतर. मुलगा किंवा सून समोर असली की काकाजी तक्रार लहान करून सांगतात, आणि आज्या तर बोलतच नाहीत. “विसरायला होतं का?” असा हो-नाहीचा प्रश्न टाळा, उदाहरण मागा. वऱ्हाडी बोलणाऱ्याशी वऱ्हाडीत बोला. आपली शाळेतली मराठी ऐकली की माणूस सावरून बसतो आणि मोजकंच बोलतो. एक संवाद साधारण असा होतो:

“काकाजी, कसं इसराले होते ते सांगा बरं. परवा-तेरवाचा एखादा किस्सा सांगा.”

“बाजारात एक माणूस भेटला. बोलला, हासला. मले त्याचं नावच आठोना. घरी येऊन जेवाले बसलो, अन् नाव आलं.”

“तो काय बोलत होता, ते ध्यानात हाये?”

“हाये ना. त्याच्या पोरीचं लगन ठरलं म्हणे. माह्या तुरीचा भाव इचारत होता.”

“नाव आठोलं नाही तवा कसं वाटलं?”

“भेव वाटलं. माह्या बापालेबी शेवटी शेवटी असंच झालं होतं.”

या तीन प्रश्नांत बरंच मिळालं. भेट लक्षात आहे, बोलणं लक्षात आहे, नाव उशिरा का होईना आलं. म्हणजे माहिती साठली होती, ती वेळेवर हाताशी आली नाही. अशी अडचण वाढत्या वयात पुष्कळांना येते. भेटच आठवली नसती तर चित्र वेगळं होतं. भीती मात्र खरी आहे आणि तिचं मूळ वडिलांच्या आजारपणात आहे, हेही कळलं. या माणसाला शब्द आठवायच्या युक्त्यांइतकीच त्या भीतीबद्दल बोलायची गरज आहे.

प्रत्येक उदाहरण ऐकताना मनात विचारा: गोष्ट मुळात कानावर गेली का? गेली असेल तर लक्ष होतं का? साठली का? साठली असेल तर आठवताना अडली का? एका आजींनी सांगितलं की सून सांगते ते ध्यानात राहत नाही. खोलात विचारल्यावर कळलं की सून चुलीकडे तोंड करून, कढईचा आवाज चालू असताना बोलते. समोर बसून सांगितलेलं त्यांना सगळं आठवत होतं. त्यांची अडचण कानाची निघाली.

नंतर हे प्रश्न विचारायचेच: कधीपासून? आठवणीचीच अडचण आहे की हिशेबाची, वाट सापडण्याची, लक्ष लागण्याचीही? तुमच्या बरोबरीच्या माणसांपेक्षा जास्त होतं असं वाटतं का? काळजी वाटते का? घरच्यांनाही जाणवलं का? साठीनंतर आणि गेल्या पाच वर्षांत सुरू झालेली, मुख्यतः आठवणीची, टिकून राहिलेली, काळजी लावणारी, बरोबरीच्यांपेक्षा जास्त वाटणारी आणि घरच्यांनीही मान्य केलेली तक्रार असेल तर पुढे घट होण्याची शक्यता तुलनेने जास्त, असं संशोधक मानतात. ही खूण जितकी जुळते तितकं पुढचं लक्ष जवळून ठेवा.

घरच्यांशी बोलताना रोजच्या कामांवर या. पेरणीला बियाणं-खताचा हिशेब स्वतः लावतात का, बचत गटाचा हप्ता ध्यानात राहतो का, एसटी बदलून सोयऱ्याच्या गावी एकटे जातात का, गोळ्या वेळेवर घेतात का, सणाचा स्वयंपाक एकहाती होतो का. निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांचा विचार करून बनवलेली एव्हरीडे ॲबिलिटीज स्केल फॉर इंडिया घरच्यांना विचारून भरता येते, ती वापरा. परदेशी प्रश्नावल्यांत चेकबुक आणि मायक्रोवेव्हबद्दल विचारलेलं असतं. पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, आयुष्य गेलेल्या माणसाबद्दल त्यातून काही कळत नाही.

एक खूण अनुभवी डॉक्टर नेहमी सांगतात, ती लक्षात ठेवा. माणूस स्वतः काळजीत आहे आणि घरचे म्हणतात काही नाही, हे चित्र एससीडीचं. घरचे काळजीत आहेत आणि माणूस म्हणतो “मले काईच नाई झालं”, तर ती जास्त गंभीर बाब. तिथे थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

पायरी दुसरी: चाचणीआधी कान आणि डोळे

हे आपण करायचं नाही तर कुणी करायचं? तोंडी दिलेले पाच शब्द ऐकूच आले नाहीत तर ते आठवणार कुठून? वय वाढलं की उंच पट्टीचे आवाज आधी जातात, स आणि श सारखी व्यंजनं हरवतात. ‘साठ’ म्हटलं तर ‘आठ’ ऐकू येतं. माणूस उत्तर चुकीचं देतो आणि नोंद होते ती आठवणीच्या खात्यात.

ओटोस्कोपने आधी मळ बघा. आरोग्य केंद्रात साउंडप्रूफ खोली नसेलच. दुपारी गर्दी ओसरल्यावर, पंखा बंद करून, रस्त्यापासून आतल्या खोलीत स्क्रीनिंग करा, आणि गरज वाटली तर पूर्ण ऑडिओमेट्रीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवा. चाचणी घेताना पॉकेट ॲम्प्लिफायर जवळ ठेवा. मशीन असलेल्याने ती घालूनच बसायचं आणि बॅटरी चालू आहे याची खात्री आपण करायची. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, चष्मा आणलाय का, हेही विचारा. चित्र दिसलं नाही म्हणून नाव न येणं ही शब्दांची अडचण नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी 14 कारणं दिली आहेत. त्यांत बहिरेपण आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल ही दोन सगळ्यात मोठी, प्रत्येकी सुमारे 7 टक्के डिमेन्शियामागची. कानाची मशीन लावली की डिमेन्शिया टळतो, असं मात्र पेशंटला सांगू नका. अमेरिकेतल्या अचीव्ह या श्रवणयंत्रांच्या अभ्यासात तीन वर्षांत सगळ्या सहभागींचा मिळून काही फायदा दिसला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या गटात मात्र घसरणीचा वेग 48 टक्क्यांनी कमी झाला. इतकं सांगणं पुरेसं आणि खरं आहे: मशीनमुळे बोलणं कळेल, माणसात मिसळता येईल, आणि काहींच्या मेंदूलाही त्याचा आधार होईल. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र आणि चष्मा मिळू शकतो. आपल्या तालुक्यात शिबिर कधी आहे याची चौकशी आपणच करून द्यावी.

पायरी तिसरी: गोळ्यांची पिशवी, शरीर आणि मन

पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगा. सरकारी दवाखान्यातल्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या, शेजाऱ्याच्या उरलेल्या, सगळ्या. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पायाच्या मुंग्यांसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, हातापायांच्या कंपासाठी दिलेलं ट्रायहेक्सीफेनिडिल, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, हे सगळं ज्येष्ठांच्या डोक्यावर धुकं आणू शकतं. गोळी आपण बंद करायची नाही आणि पेशंटलाही बंद करू द्यायची नाही. यादी करून डॉक्टरांना पत्र द्यायचं.

त्याच पत्रात थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन, साखर आणि बीपी तपासण्याची विनंती करा. अनेक वर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत बी-12 कमी पडू शकतं, आणि मांसाहार न करणाऱ्यांतही. रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दारू, खर्रा, डोक्याला पूर्वी लागलेला मार, याबद्दल न संकोचता पण आदराने विचारा. फवारणी केली आहे का, किती वर्षं, विषबाधा होऊन कधी दवाखान्यात दाखल झाले होते का, हेही विचारा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्या पट्ट्यात हा प्रश्न सोडून चालणार नाही.

आता मन. विदर्भात कर्जाने, नापिकीने, घरातल्या कुणाच्या आत्महत्येने खचलेली घरं आपण बघतो. मुलं पुण्याला गेलेली, घरात दोनच म्हातारी माणसं, दिवसभर बोलायला कुणी नाही. अशा माणसाचं लक्ष लागत नाही आणि तो म्हणतो, ध्यानात राहत नाही. उदासीनता आणि एससीडी एकमेकांत गुंतलेले असतात. जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलची 15 प्रश्नांची आवृत्ती तोंडी विचारा. झोप, भूक, कामातला रस याबद्दल बोला. जगण्यात राम वाटत नाही असं कुणी म्हणालं तर थांबून सरळ विचारा की जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. हो म्हणाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, घरच्यांना जवळ राहायला सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक जोडून द्या.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत अचानक आला, बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, ताप आहे, पडून डोक्याला लागलं, यांपैकी काही असेल तर हे एससीडी नाही. 108 वर फोन करा.

पायरी चौथी: चाचणी, आणि तिची मर्यादा

मोका ही आठवण, लक्ष, भाषा तपासणारी छोटी चाचणी मराठीत मिळते, पण ती घेण्यासाठी आता प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. 26 गुण ही तिची नॉर्मलची मूळ रेषा कॅनडातल्या शिकलेल्या ज्येष्ठांवरून ठरलेली आहे. चौथी शिकलेल्या आजींना ती लावली तर जवळपास सगळ्याच नापास होतील. कमी शिकलेल्यांसाठी मोका-बेसिक आहे. हरियाणातल्या बल्लभगढच्या ग्रामीण, निरक्षर ज्येष्ठांसाठी बनवलेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशनही आहे, पण तिची भाषा हिंदी हे लक्षात घ्या. आयसीएमआरने भारतीय भाषांसाठी जो चाचण्यांचा संच केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती. म्हणून आपल्याला जपून वापर करावा लागतो. ‘क’ने सुरू होणारे शब्द सांगा, घड्याळ काढा, ठोकळा काढा, अशी कामं कधी पेन न धरलेल्या माणसाला देऊन त्याचं मूल्यमापन करू नका.

एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगणं हे काम खेड्यात छान जमतं. त्यातही एक अडचण येते. शेतकरी सांगतात: गाय, गोऱ्हा, कालवड, खोंड, बैल, हल्या, रेडकू. ही सात नावं मोजायची की दोनच? तुमच्या चाचणीच्या पुस्तिकेत नियम असेल तर तो पाळा. नसेल तर एकदा ठरवा, कागदावर लिहा, आणि पुढच्या वेळी त्याच माणसाला तोच नियम लावा. चित्रं दाखवून नावं विचारताना पेरूला ‘जाम’, टोमॅटोला ‘भेदरं’, शेंगदाण्याला ‘फल्ली’ म्हटलं तर ते बरोबरच धरायचं.

मेळघाटात कोरकू, यवतमाळात कोलामी आणि गोरमाटी, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी बोलणारी माणसं मराठी दुसरी भाषा म्हणून बोलतात. आधी विचारा, घरात कोणती भाषा बोलता, स्वप्न कोणत्या भाषेत पडतं, हिशेब कोणत्या भाषेत करता. दुभाषा लागला तर नातवाला बसवू नका, तो मदत करण्याच्या नादात उत्तरं सांगतो. आशाताई किंवा आरोग्यसेविका बसवा आणि तिला आधी समजावून सांगा की उत्तर जसंच्या तसं सांगायचं, दुरुस्त करायचं नाही.

निवृत्त मुख्याध्यापकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ज्याची पातळी मुळात उंच होती, त्याची पहिली घट चाचणीत दिसतच नाही. ती त्याला स्वतःला आधी कळते. म्हणून आजचे गुण हा त्याचा पाया समजा. पुढच्या वर्षी तुलना याच गुणांशी करायची.

पायरी पाचवी: बोलण्याचा नमुना जपून ठेवा

माझ्या दृष्टीने सगळ्या पायऱ्यांत ही सगळ्यात मोलाची. मोबाइलवर रेकॉर्ड करा. आधी परवानगी घ्या, सही किंवा अंगठा घ्या, फाइलला नाव न देता क्रमांक द्या आणि ती कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

तीन प्रकारचं बोलणं घ्या. पहिलं, एखादं काम कसं करतात ते सांगणं: पऱ्हाटी लावण्यापासून वेचणीपर्यंत, धानाची रोवणी, सांडगे, रोडगे. दुसरं, गोष्ट: लहानपणीचा पोळा, लग्नात काय झालं. तिसरं, गर्दीचं चित्र दाखवून ‘इथं काय चाललंय’ असं विचारणं. आठवडी बाजाराचा फोटो चालेल, फक्त दर वेळी तोच फोटो वापरा.

ऐकताना या गोष्टी टिपा. कामातली एखादी पायरी सुटली का? क्रम उलटा झाला का? ‘ते… ते काय म्हणते त्याले…’ किती वेळा आलं, आणि शब्द शेवटी सापडला का? नेमक्या नावाऐवजी ‘ते’, ‘तसं’, ‘अमुक’ किती येतं? विराम वाक्यात कुठे पडतात, नामाच्या आधी की दोन वाक्यांच्या मध्ये? तीच गोष्ट पुन्हा सांगितली का, आणि ती पुन्हा सांगतोय हे त्यांना कळलं का? मुद्द्यावरून भरकटले तर परत आले का? सांडगे करणाऱ्या आजी डाळ भिजवणं, वाटणं, मसाला, उन्हात घालणं हे सगळं क्रमाने सांगतात, फक्त मधल्या एका जिनसाचं नाव तोंडी येत नाही आणि त्या हाताने कुटून दाखवतात. हे आठवणीतलं काम शाबूत असल्याचं लक्षण. शब्दापर्यंतची वाट तेवढी अडली आहे.

हे सगळं एका पानावर लिहा. एका नमुन्यावरून काही ठरवू नका. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तेच काम, तोच फोटो, त्याच खोलीत, तेच मशीन कानात घालून पुन्हा रेकॉर्ड करा. दोन नमुने शेजारी ठेवले की एका गुणसंख्येत न दिसणारा फरक ऐकू येतो.

पायरी सहावी: काय सांगायचं, कसं सांगायचं

साधारण अशा शब्दांत सांगता येईल: “काकाजी, तुम्ही सांगतलं ते आम्ही लिहून घेतलं. चाचणी तुमच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या मानानं चांगली आली. पण तुम्हाला जाणवते ते खोटं नाही. पुष्कळ लोकायले असं होते अन् बहुतेकायचं पुढे वाढत नाही. काहीचं वाढते, म्हणून आपण लक्ष ठेवू. तोवर कान, बीपी, साखर, झोप अन् बोलणं या गोष्टी आपल्या हातात हायेत.”

घरच्यांना बाहेर बोलवून एक गोष्ट कडकपणे सांगा: ‘साठी बुद्धी नाठी’, ‘भ्रमिष्ट झाले’ हे चारचौघांत म्हणणं बंद. हसं होतं म्हणून माणूस बोलणं कमी करतो, भजनाला जाणं सोडतो, आणि एकटेपणा स्वतःच धोक्याच्या त्या 14 कारणांपैकी एक आहे. शब्द अडला तर दहापर्यंत मनात मोजा, मग लागलाच तर एखादा धागा द्या, शब्द तोंडातून हिसकावू नका. समोर बसून, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच निरोप सांगा.

पायरी सातवी: हाताशी काय द्यायचं

या अवस्थेसाठी कोणतंही औषध सिद्ध झालेलं नाही. स्मृतिवर्धक चूर्ण, टॉनिक आणि मोबाइलवरचे मेंदूचे खेळ यांवर पैसे खर्च करू नका, असं स्पष्ट सांगा. फिनलंडमधल्या फिंगर चाचणीत 60 ते 77 वयाच्या, धोका जास्त असलेल्या ज्येष्ठांना आहार, व्यायाम, मेंदूचं काम आणि रक्तदाब वगैरेंवर लक्ष असं सगळं मिळून दोन वर्षं दिलं, तेव्हा थोडा पण खरा फायदा दिसला. आपण सांगायचं तेही असंच एकत्रित: बीपीची गोळी न चुकवणं, रोज चालणं, खर्रा आणि दारू सोडणं, माणसांत राहणं.

भाषेच्या बाजूने थेरपी म्हणून मी प्रामुख्याने दोन गोष्टी देते. शब्द अडला तर त्याच्याभोवती फिरायचं: ते कशाचं असतं, कुठे ठेवतात, कशासाठी वापरतात, कशासारखं दिसतं. हे सरावाने येतं आणि बोलणं थांबत नाही. दुसरं, नव्या नावासाठी वाढत्या अंतराने आठवणं: नव्या सुनेच्या माहेरचं नाव ऐकलं की लगेच एकदा म्हणायचं, मग थोड्या वेळाने, मग जेवताना, मग झोपताना, मग सकाळी. नाव एखाद्या ओळखीच्या गोष्टीशी जोडायचं.

वाचता न येणाऱ्यांसाठी डायरी उपयोगाची नाही. सकाळ-रात्रीच्या गोळ्यांना वेगवेगळ्या रंगाच्या कापडी पिशव्या, किल्ली आणि चष्म्याची ठरलेली खुंटी, चित्रांचं कॅलेंडर, साध्या फोनवर स्वतःच्या आवाजात निरोप भरून ठेवणं, हे चालतं. कोणती युक्ती द्यायची ते पहिल्या पायरीतल्या त्यांच्याच उदाहरणावरून ठरवा. नावं विसरणाऱ्याला गोळ्यांची पिशवी देऊन काय उपयोग?

गट हवा असेल तर नवीन काही उभं करायची गरज नाही. खंजिरी भजनाचं मंडळ, बायकांचा बचत गट, भुलाबाईची गाणी पाठ असलेल्या आज्या गावात असतातच. त्यांच्या ठरलेल्या दिवशी जा, अर्धा तास मागून घ्या. ऐकू कमी येणाऱ्यांना पुढे बसवा, जुनी गाणी आणि कामांची वर्णनं घ्या, दोन युक्त्या दाखवा.

पायरी आठवी: पुढचं लक्ष आणि पाठवणं

सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा बोलवा. वेचणी, पेरणी, लग्नसराई सोडून तारीख द्या, नाहीतर कुणी येणार नाही, आणि उन्हाळ्याच्या भर दुपारची तर नकोच. तारीख आशाताईंनाही सांगून ठेवा.

त्याआधीच डॉक्टरांकडे पाठवायचं ते अशा वेळी: हिशेब, गोळ्या किंवा प्रवास यांत घट दिसली, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, वागणं बदललं, घरच्यांची काळजी वाढली, चाचणीत घट आली, शब्दांची अडचण पटकन वाढली, किंवा वय 65 पेक्षा कमी असून तक्रार वाढतेय. आधी तालुक्याचे डॉक्टर, मग जिल्हा रुग्णालय, पुढे नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर किंवा गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, नागपूरचं एम्स. सिरोंचा किंवा धारणीहून निघालेल्या माणसाचा पूर्ण दिवस आणि मजुरी जाते, म्हणून आधी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो का ते बघा.

पत्र एका पानाचं असावं आणि त्यात हे असावं: तक्रार पेशंटच्याच शब्दांत, कधीपासून, घरच्यांचं म्हणणं, भाषा आणि शिक्षण, ऐकण्याची स्थिती आणि चाचणी मशीन घालून झाली की न घालता, चाचणीचं नाव आणि गुण, बोलण्याच्या नमुन्यातली दोन-तीन निरीक्षणं, गोळ्यांची यादी, उदासीनतेच्या प्रश्नांचा निकाल, आणि शेवटी डॉक्टरांना विचारायचा नेमका प्रश्न. ‘मेमरी लॉस, कृपया पाहावे’ एवढंच लिहिलं तर गर्दीच्या ओपीडीत माणूस दोन मिनिटांत बाहेर येतो. पत्राची एक प्रत पेशंटच्या फाइलमध्ये ठेवा, एक मोबाइलवर फोटो काढून मुलाला द्या आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच कागदावर लाल पेनाने लिहा.